स्प्रिंगांच्या खणातली दुसरी चिठ्ठी

१

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची. त्या वर्षी कुलुपांचा कारखाना बंद पडला आणि आठवड्याभरात अर्ध्या वस्तीला अर्ज कसा लिहितात हे विचारत फिरायची पाळी आली. फिरून फिरून सगळे येत ते टकटकमावशींच्या दारात.

मावशींनी तीस वर्षं कचेरीत टंकलेखन केलेलं. निवृत्त झाल्यावर एका जिन्याखालच्या खोलीत त्यांनी आपलं मशीन मांडलं होतं. खोली इतकी अरुंद, की मशीनची पट्टी डावीकडे सरकली की बाकावर बसलेल्याला कोपर आवरून घ्यावं लागे. अर्ज टाइप झाला की मावशी तो खड्या आवाजात वाचून दाखवत. खाली आपला शिक्का मारत आणि म्हणत, "जा, आता पुढचं तुझं तोंड आणि तुझं नशीब."

त्या मंगळवारी सकाळी इस्पितळाचे हेडक्लार्क स्वतः आले. मावशींनी चहाचं विचारलं, तर ते नको म्हणाले. हेडक्लार्क चहाला नको म्हणतात म्हणजे प्रकरण गंभीर, हे मावशींनी ओळखलं.

इस्पितळाला भांडार सांभाळायला माणूस हवा होता. औषधं, चादरी, सुया, कापूस, सगळ्याचा ताबा. शिवाय इस्पितळाच्याच आवारात राहायला दोन खोल्या. अर्ज एकसष्ट आले होते. हेडक्लार्कनी त्यातले दोन मावशींपुढे ठेवले आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. वाक्य असं होतं: "कारखान्याच्या भांडारात मी लाल चिठ्ठीची पद्धत सुरू केली. त्यामुळे नऊ वर्षांत सुट्या भागांअभावी कारखाना एकही दिवस बंद पडला नाही."

मग त्यांनी दुसऱ्या अर्जावर बोट ठेवलं. तेच वाक्य होतं. काना-मात्रेचाही फरक नव्हता.

पहिला अर्ज होता कारखान्याच्या स्टोअरसाहेबांचा आणि दुसरा पॅकिंग खात्यातल्या दादाचा. दोन्हींच्या खाली शिक्का मावशींचाच.

"मावशी, ही पद्धत आमच्या डॉक्टरांना फार आवडलीय," हेडक्लार्क म्हणाले. "ज्यानं ती काढली त्यालाच घ्यायचं म्हणतात. पण मूल एक आणि बाप दोन, असं कसं चालेल? शुक्रवारी दहाला मुलाखती आहेत. तोवर कळलं नाही तर दोघांना काट. आणि खरं सांगू का, तुमच्या शिक्क्यालाही."

२

मावशींनी दोन्ही अर्ज पुन्हा ताडून पाहिले. त्या पंधरवड्यात त्यांनी साठ-सत्तर अर्ज टाइप केले होते. कचेरीतली जुनी खोड; मजकूर डोळ्यांतून थेट बोटांत उतरायचा, डोक्याला वाटेत थांबा नव्हताच. एकच वाक्य चार दिवसांच्या अंतरानं दोनदा टाइप केलं, तरी त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

शिक्क्याचं त्यांना वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त आठवली ती बारकी.

बारकी म्हणजे त्याच भांडारात अकरा वर्षं राबलेली बाई. वय त्रेचाळीस, पण कामाला लागली तेव्हा काडीसारखी होती म्हणून जे नाव पडलं ते पडलंच. कारखान्याच्या चाळीत ती आणि तिचे वडील, दोघंच राहत. वडिलांना सगळे आप्पा म्हणत. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा एक हात गेला होता. कारखाना बंद झाला म्हणजे चाळही सोडायची, ती महिनाअखेर. जागा मिळाली नाही तर आप्पांनी थोरल्या मुलाकडे जायचं, जिथे सून त्यांना बघून दार अर्धंच उघडायची, आणि बारकीनं चुलत बहिणीच्या स्वयंपाकघरात पथारी टाकायची. बापलेक पहिल्यांदाच वेगळे होणार होते. इस्पितळाच्या त्या दोन खोल्यांसाठी बारकीनंही अर्ज केला होता.

आणि काय अर्ज! चार ओळी. "मदतनीस म्हणून अकरा वर्षं काम केले. सामान मोजणे, देणे, खण पुसणे." मावशींनी तिला खोदून खोदून विचारलं होतं. ती आपली एकच सांगायची, की मी काय हो करणार, साहेब सांगायचे ते करायचं. उठता उठता मात्र तिनं एक विचारलं होतं.

"मावशी, माझ्या नावावर एक मेमो आहे. तो अर्जात लिहावा लागेल का?"

"वेडी आहेस का? आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा?" मावशींनी तिला झटकलं होतं, आणि मेमो कसला, हेही विचारलं नव्हतं.

३

बुधवारी सकाळी त्या स्टोअरसाहेबांच्या घरी गेल्या. साहेब घरातही बंद गळ्याचा कोट घालून बसलेले. माणूस वाईट नव्हता. पंचवीस वर्षं एकाच टेबलामागे बसून टेबलासारखाच झाला होता, भक्कम आणि थोडा गुळगुळीत. लाल चिठ्ठीचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी कागद घेऊन चित्रच काढलं. भिंतीला दोनशे खण. प्रत्येक खणात वर माल, मग एक लाल चिठ्ठी, आणि चिठ्ठीखाली आठवडाभर पुरेल इतका माल. वरचा माल संपून चिठ्ठी दिसली, की ती काढून खिळ्याला लावायची. खिळ्यावर चिठ्ठी म्हणजे मागणी पाठवा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही लाल रंग कळतो.

मावशींना पद्धत मनापासून आवडली. त्यांनी आपलं सहज विचारलं, की सगळ्या खणांत एकेकच चिठ्ठी का?

"एकेकच. फक्त स्प्रिंगांच्या खणात दोन, एक वर आणि एक खाली."

"ते का बरं?"

साहेब चित्रातल्या खणांकडे पाहू लागले. "स्प्रिंगा बारीक ना. भराभर संपतात."

मावशींनी मान डोलावली आणि एका कुलपाला काय काय लागतं ते ऐकून घेतलं. स्प्रिंग एक. रिव्हेट सहा. रिव्हेट स्प्रिंगेपेक्षाही बारीक. तरी रिव्हेटांच्या खणात चिठ्ठी एकच.

हे त्यांनी तिथे बोलून दाखवलं नाही. पण जिना उतरताना त्या एका पायरीवर मिनिटभर उभ्या राहिल्या.

दुपारी दादा सापडला बाजारातल्या न्हाव्याच्या दुकानात, गालाला साबण लावलेला. दादा म्हणजे बोलघेवडा प्राणी. आरशातल्या मावशींशीच बोलू लागला. लाल चिठ्ठी? ती आपलीच. डोक्यात एकदम आली, अंघोळ करताना. साहेबांचंही तेच वाक्य आहे म्हटल्यावर तो म्हणाला, की मोठी माणसं सारखाच विचार करतात.

मावशींनी विचारलं, "स्प्रिंगांच्या खणात चिठ्ठ्या किती?"

"किती म्हणजे? एक."

"नक्की?"

"मावशी, माझीच पद्धत, मला विचारता? एक म्हणजे एक."

न्हाव्यानं वस्तरा उचलला, म्हणून दादाला पुढे बोलता आलं नाही. मावशी मात्र बाहेर पडल्या त्या एक गोष्ट पक्की करूनच. दादाला दुसरी चिठ्ठी ठाऊक नाही. साहेबांना ठाऊक आहे, पण ती तिथे का आहे ते ठाऊक नाही. ज्यानं पद्धत काढली त्याला हे ठाऊक नसणं शक्यच नाही.

म्हणजे खोटा एक नव्हता. दोघेही खोटे होते.

४

भांडारात माणसं तीनच यायची. टेबलामागे साहेब. माल न्यायला दादा, दारापर्यंत. आणि खणांपाशी, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, बारकी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, असं मावशी स्वतःलाच म्हणाल्या. पण मनाला कळून काय उपयोग? हेडक्लार्कना कागद लागतो. बारकीच्या चार ओळींत चिठ्ठीचं नावसुद्धा नव्हतं. आता ती म्हणाली की पद्धत माझी, तर लोक म्हणतील, हा तिसरा बाप कुठून आला?

गुरुवारी सकाळीच मावशी चाळीत गेल्या. निम्म्या खोल्या रिकाम्या झालेल्या, दारांना त्याच कारखान्याची कुलुपं. बारकी पाणी भरायला गेली होती. आप्पा खाटेवर बसून एका हातानं शेंगा सोलत होते. मावशींनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, की आप्पा, तुमची लेक कधी स्प्रिंगांबद्दल काही बोलली होती का?

आप्पांचा हात थांबला.

"स्प्रिंगा? त्या स्प्रिंगांचं नाव काढू नका, बाई. आमची पोरगी अकरा वर्षांत एकदाच रडत घरी आली, ती त्यांच्यापायी. तो कागद अजून आहे. तिनं फाडायला काढला होता, मी ठेवून घेतला. म्हटलं, सरकारी शिक्क्याचा कागद फाडू नये."

शिक्का सरकारी नव्हता, कारखान्याचा होता. पण आप्पांच्या त्या भाबड्या धाकाचे मावशींनी पुढे जन्मभर उपकार मानले.

गादीखालून आलेला कागद चौपदरी घडीचा होता, घड्यांवर विरलेला. तो मेमो होता. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. "आपण वरिष्ठांच्या परवानगीशिवाय भांडारातील खणांत लाल चिठ्ठ्या ठेवण्याची नवी पद्धत सुरू केली. त्यामुळे स्प्रिंगांची मागणी उशिरा गेली व जोडणी विभाग एक दिवस बंद राहिला. यापुढे असे घडल्यास…" आणि खाली सही, भरदार, तीन फाट्यांची. स्टोअरसाहेबांची.

मावशींनी तो दोनदा वाचला, या वेळी डोकं लावून. मान वर केली तर दारात बारकी उभी. दोन्ही हातांत बादल्या, आणि चेहरा त्यातल्या पाण्यासारखा हललेला.

"तो कागद द्या इकडे, मावशी," ती म्हणाली.

५

तिला समजावायला तासभर लागला. ती म्हणे, की दोष लपवू नये म्हणून मी स्वतः विचारलं होतं, तेव्हा तुम्हीच नको म्हणालात, आता तोच इस्पितळात वाचून दाखवणार? माझी शोभा करणार? मावशींनी चूक कबूल केली. तेव्हा मी विचारायला हवं होतं, म्हणाल्या. आज विचारते, सांग.

मग बारकीनं सांगितलं. तुटक तुटक, आणि सगळं असं की जणू भांडारात कामं आपोआप होत होती. चिठ्ठ्या ठेवल्या जायच्या. माल बघितला जायचा. मावशी दर वेळी अडवत.

"कोण ठेवायचं?"

"आपलं… मीच."

"मग मी म्हण ना. जीभ झिजते का?"

हळूहळू ते उलगडलं. बाकी सगळे भाग कारखान्यातच बनायचे. मागणी गेली की चार दिवसांत माल हजर. फक्त स्प्रिंगा बाहेरगावाहून यायच्या, त्यांना बारा दिवस लागत. पद्धत सुरू केली त्या पहिल्या महिन्यात बारकीनं सगळ्या खणांत सारख्याच खोलीवर चिठ्ठी ठेवली. स्प्रिंगांची चिठ्ठी वर आली, मागणी गेली, आणि सातव्या दिवशी खण रिकामा. जोडणीचे चाळीस लोक दिवसभर हात बांधून बसले, तेव्हा कुठे माणूस धाडून स्प्रिंगा आणवल्या. मेमो मिळाला त्या रात्री ती जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं त्या खणात दोन चिठ्ठ्या ठेवल्या. वरची दिसली, म्हणजे पंधरा दिवसांचा माल उरला, की मागणी. खालची दिसली तर पत्राच्या भरवशावर राहायचं नाही, माणूस पाठवायचा. त्यानंतर नऊ वर्षं कारखाना थांबला नाही.

"अगं मग हे अर्जात का नाही सांगितलंस?"

"हे काम थोडंच आहे, मावशी? ही तर आपली माझी चूक निस्तरणं."

खाटेवरून आप्पा म्हणाले, "ही लहानपणापासून अशीच. पहिला नंबर आला तर म्हणायची, बाकीची मुलं आजारी होती."

बारकी हसली. तेवढ्यात मावशींनी मेमो आपल्या पिशवीत टाकला. तिनं पाहिलं, पण या वेळी मागितला नाही.

६

गुरुवारी चार वाजता जिन्याखालच्या त्या खोलीत पाच माणसं बसली, म्हणजे कशीबशी कोंबली गेली. हेडक्लार्क खुर्चीवर, साहेब आणि दादा बाकावर, मावशी मशीनपाशी आणि बारकी दाराशी उभी, केव्हाही पळता येईल अशी.

मावशींनी आधी ते सारखं वाक्य निकालात काढलं, कारण त्यात दोष त्यांचाच होता. साहेबांचा अर्ज त्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचला, तेव्हा बाकावर नंबर लावून कोण बसलं होतं, आणि त्या दिवशी अर्ज न करताच उठून गेलं? दादानं कान खाजवला. मावशी म्हणाल्या, की याची स्मरणशक्ती इतकी चांगली आहे हे आधी कळलं असतं तर अर्जात तीच लिहिली असती.

"मावशी, मला वाटलं ती पद्धत अशीच पडून आहे, कुणाची नाही," दादा म्हणाला. "आयतं बीळ दिसलं, शिरलो." हेडक्लार्कनी त्याच्या अर्जावर तिथल्या तिथे काट मारली. दादानं तीही हसत पाहिली, पण कान लाल झाले होते.

मग मावशींनी साहेबांना एकच विचारलं, की स्प्रिंगांच्या खणात दुसरी चिठ्ठी का? साहेबांनी कालचंच उत्तर दिलं. मावशींनी रिव्हेटांचं विचारलं. साहेब कोटाचं बटण चाचपू लागले.

"साहेब, तीस वर्षं मी दुसऱ्यांचे कागद टाइप केले," मावशी म्हणाल्या. "त्यातून एवढं शिकले, की दुसऱ्याचं यश उचलून नेता येतं, पण त्यामागची चूक कुणी उचलत नाही. ती ज्याची त्याच्याकडेच राहते. तुमच्या अर्जात एकही दिवस बंद पडला नाही असं आहे. ज्यानं हे काम केलं, त्याला तो एक दिवस विसरता आला नसता."

आणि त्यांनी मेमो पुढे ठेवला.

साहेबांनी चष्मा पुसून तो वाचला. सहीवर बोट ठेवलं. जिन्यावरून कुणीतरी खाली उतरलं, त्याची पावलं डोक्यावरून गेली.

"सही माझीच," शेवटी साहेब म्हणाले. "मॅनेजर हिला काढूनच टाकणार होते. मी म्हटलं, मेमो देतो, बाईला ठेवा. ते मी विसरलो. मग पाहुणे यायचे भांडार बघायला. मी सांगायचो, आमची पद्धत. दहा वेळा आमची म्हटलं, अकराव्यांदा माझी कधी झाली, मलाच कळलं नाही." ते बारकीकडे वळले. अकरा वर्षांत त्यांनी तिला एकेरी हाकच मारली होती. "बाई, तुम्ही मला सांगायचं होतं."

बारकी म्हणाली, "साहेब, तुम्ही मला ठेवून घेतलंत हे मला आजच कळलं. मला वाटायचं, तुम्ही तक्रार केलीत म्हणून मेमो आला. त्या मेमोपायी माझ्या आप्पांचं औषधपाणी नऊ वर्षं चाललं म्हणायचं." आणि ती खरोखरच वाकून नमस्कार करायला निघाली. साहेबांनी तिला वाटेतच अडवलं.

हेडक्लार्कनी घसा खाकरला. अर्जाची मुदत संपली होती, पण आलेल्या अर्जाला पुरवणी जोडायला नियमाची आडकाठी नव्हती. साहेबांनी आपला अर्ज मागून घेऊन फाडला, आणि ते त्याच बाकावर बसून बारकीच्या कामाचा दाखला सांगू लागले. मावशींनी तो टाइप केला. त्या दिवशी त्यांची बोटं फार सावकाश चालली, कारण त्या एकेक शब्द वाचत होत्या. शेवटी मेमो जोडला, तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, की अनुभवाचा पुरावा म्हणून मेमो जोडलेला अर्ज माझ्या उभ्या नोकरीत हा पहिलाच. आणि मग त्यांनी चहा मागितला.

७

शुक्रवारी मुलाखतीत डॉक्टरांनी बारकीला पहिलाच प्रश्न विचारला तो त्या बंद पडलेल्या दिवसाचा. तिनं सांगितलं, सुरुवात "मी" पासून करून. अर्ध्या तासानं डॉक्टर तिला विचारत होते, की आमच्याकडे सुया महिन्यानं येतात, तर चिठ्ठी कुठे ठेवाल? चाळ सोडायला तीन दिवस उरले असताना नेमणुकीचं पत्र आलं.

स्टोअरसाहेबांना वर्षभरानं एका शाळेत हिशेबनिसाची जागा मिळाली. तिथे ते जे नवं काही करत, त्याखाली कुणी सुचवलं त्याचं नाव लिहीत. शिपायाचं असलं तरी. ते वारले तेव्हा शाळा दोन तास बंद होती.

दादानं नोकरीचा नाद सोडला आणि लग्नकार्यात निवेदन करू लागला. तिथे दुसऱ्याची वाक्यं आपली म्हणून बोलायला कुणाची हरकत नसते. मजेत जगला.

हेडक्लार्क निवृत्त होताना आपल्या जागी आलेल्या माणसाला अर्ज कसे वाचायचे ते शिकवून गेले. "कुठे अडलं होतं ते विचारा," एवढंच त्यांचं शिकवणं.

टकटकमावशींनी अर्ज मोठ्यानं वाचणं त्या दिवसापासून बंद केलं. बाकावरच्यांना बाहेर पाठवत आणि गिऱ्हाइकाला त्याच्या कामातला सगळ्यात वाईट दिवस आधी विचारत. कित्येकांच्या चुली त्या एका प्रश्नानं पेटल्या. ती माणसं पुढे सुट्टीच्या दिवशी नुसती बसायला येत. मावशी म्हणत, की उपकार माझे नव्हेत, आप्पांचे आहेत. डोळे अधू झाल्यावर मशीन त्यांनी शेजारच्या मुलीला दिलं. इस्पितळात त्यांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आठ दिवस डबा बारकीनं पुरवला.

बारकी भांडारप्रमुख म्हणून एकोणीस वर्षं राहिली. तिच्या हाताखाली पाच माणसं होती, आणि नव्यानं आलेल्याला ती पहिल्या दिवशी सांगायची, की चूक झाली तर लपवू नकोस, तारीख घालून ठेव.

आप्पा त्या दोन खोल्यांत नऊ वर्षं जगले. त्यांच्या खिडकीतून भांडाराचं दार दिसायचं. पाच वाजता लेक दार ओढून घेताना दिसली, की ते एका हातानं स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवायचे; आणि ती आवार ओलांडून, वाटेत दोघांशी बोलून, चपला काढेपर्यंत पाण्याला उकळी आलेली असायची.